किती खाल्लं? आणेवारीपासून पोंग्यापर्यंत

माळशिरस तालुक्यात मक्याला दोन हक्काची गिऱ्हाइकं: कोंबड्या आणि दुभती जनावरं. २०१८ मध्ये तिसरं आलं, न विचारता. मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्ग्याला सापडलेली अमेरिकन लष्करी अळी सप्टेंबरपर्यंत सोलापूर जिल्ह्यात पोचली होती. डोक्यावर उलटा 'वाय', शेपटीकडे चौकोनात चार ठिपके आणि मुक्काम थेट पोंग्यात.

चाळणी झालेली पानं बघून तोंडातून पहिलं वाक्य निघतं, "पीक गेलं!" पण किती गेलं? हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे.

पूर्वी उत्तर आण्यांत मिळायचं. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे, निम्मं म्हणजे आठ. शेतसाऱ्यातली सूट त्यावर ठरायची. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, आणेवारीची पैसेवारी झाली. आजही पन्नास पैशांच्या आतलं गाव टंचाईचं धरतात. पण या हिशेबात एक गोम आहे. पीक कमी आलं हे तो सांगतो, पावसानं नेलं की किड्यानं, हे नाही. आणि सांगतो तेही हंगाम सरत आल्यावर.

किड्याचा वेगळा हिशेब टोळांनी करायला लावला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात टोळधाड आली. १९०३-०४ मध्ये हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय या कीटकशास्त्रज्ञाने तिचा अभ्यास केला. मारण्याआधी किडा कसा जगतो ते बघायचं, ही सवय सरकारी कामात अशी रुजू लागली. पुढे २००८ मध्ये महाराष्ट्रात सोयाबीनवर अळ्या तुटून पडल्या आणि २००९ पासून 'क्रॉपसॅप' सुरू झालं: हंगामभर ठरावीक शेतांत जाऊन किडी मोजायच्या, नोंदवायच्या, त्यावरून सल्ला द्यायचा.

मक्यात ही मोजणी अगदी साधी आहे. बांधाकडच्या ओळी सोडून आत शिरायचं. इंग्रजी 'डब्ल्यू' काढल्यासारखं चालत पाच ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी दहा झाडं बघायची. पन्नासपैकी सहा पोंग्यांत ताजी विष्ठा आणि अळी दिसली, तर प्रादुर्भाव बारा टक्के. झाड किती खाल्लं यालाही गुण असतात, शून्य ते नऊ. शून्य म्हणजे पान स्वच्छ, नऊ म्हणजे पोंगा जवळजवळ संपलेला. ही मोजपट्टी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडली.

एवढा खटाटोप कशाला? कारण पानावरची भोकं शिळी बातमी असते. अळी कोवळं पान पोंग्याच्या आत खाते, ते उलगडून आपल्याला दिसेपर्यंत दिवस गेलेले असतात. तोवर ती कोषात जायला मातीत उतरलेलीही असू शकते. मग फवारा बसतो रिकाम्या घरावर, आणि तोच मका मुरघास होऊन गोठ्यात जाणार असतो. उलट, पानं बरी दिसतात म्हणून पोंगा न उघडणाऱ्याचा वाढीचा कोंबच अळी खाऊन टाकते. कोवळा मका नवी पानं काढून सावरतो, कोंब गेल्यावर मात्र त्याला सावरता येत नाही.

आणेवारी हंगाम गेल्यावर व्हायची. पोंगा उघडून मोजलेली पन्नास झाडं पीक उभं असताना बोलतात. शंभर वर्षांत आपण कमावलं ते एवढंच, पण माळशिरसच्या मक्याला तेवढा वेळ पुरतो.