केंद्रकाची हद्द कुठे संपते?

कर्जत-खालापूरच्या खाचरातलं भाताचं रोप घेऊ. त्याच्या पेशीत केंद्रक वेगळं, आंतर्द्रव्यजालिका वेगळी, असंच आम्हीही शाळेत शिकलो. असं का झालं? रॉबर्ट ब्राउन यांनी ऑर्किडच्या पेशी पाहून केंद्रकाला नाव दिलं १८३१ मध्ये. जालिका मात्र पोर्टर प्रभृतींना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली १९४५ मध्ये. मधली एकशे चौदा वर्षं केंद्रक एकटंच! पुढे १९५५ मध्ये वॉटसन यांनी दाखवलं, की केंद्रकाचं बाहेरचं पटल सलग पुढे जाऊन जालिकेला मिळतं. खाचरांमध्ये बांध असतो, तसा इथे नाही. केंद्रकाच्या छिद्रांतून आलेला संदेश जालिकेवरचे रायबोझोम वाचतात. भाताच्या दाण्यातली साठवणीची प्रथिनं अशीच बनतात. नावं दोन पडली ती आपल्या पाहण्याच्या क्रमामुळे. वस्तूत तेवढी फूट नाही, एवढं ध्यानात ठेवू या.