विधवेचे निमे वेतन



चाकरीतला माणूस निवर्तला म्हणजे त्याच्या पत्नीने काय खावे, हा प्रश्न इंग्रजी अमदानीने आणलेला नव्हे. सन १६५९ त अफझलखानाच्या फौजेशी झालेल्या झुंजात जे लोक पडले, त्यांच्या घरांची तजवीज महाराजांनी कशी लावली, हे सभासदाच्या बखरीत नमूद आहे. पडलेल्याच्या मुलाचे पुढे चालविले. ज्यास पुत्र नव्हता, त्याच्या बायकोस निमे वेतन करून दिले. म्हणजे पात्रतेची अट तेव्हाही होतीच: पुत्र नसेल तर पत्नी. पेशवाईत अशा नेमणुकीस ‘बालपरवेशी’ म्हणत. नावातच बाल पुढे, माता मागे!

पत्नीचा हक्क पुढे यावयास फार काळ लागला. केंद्र सरकारने १ जानेवारी १९६४ पासून कुटुंब निवृत्तिवेतनाची नवी योजना आणली, तीत विधवेस हयातभर वेतन ठरले. त्यापोटी नोकराच्या उपदानातून दोन महिन्यांचा पगार कापून घेत; ही कपात १९७७ त बंद झाली. तथापि ज्यांचे पती योजनेपूर्वीच निवृत्त वा मृत झाले, त्या बायका बाहेरच राहिल्या. त्यांस न्याय मिळाला तो १९८५ त, सर्वोच्च न्यायालयात. एकवीस वर्षे! त्या अवधीत कितीजणी निघून गेल्या असतील, त्याचा हिशेब कोण देणार?

आपल्या राज्याचे नियम १९८२ चे. त्यांतील ११६ व्या नियमात पती वा पत्नी प्रथम, मुले मागाहून. सभासदाने लिहिलेला क्रम येथे उलटला. मात्र विवाह कायदेशीर हवा. पहिली पत्नी असता केलेली दुसरी, विवाह कायद्याने टिकत नसल्यास, पात्र नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ त ठरविले. निर्णय कायद्यास धरून आहे. त्या बाईची चूल मात्र त्याने पेटत नाही.

आमच्या पाथर्डीस माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीपुढे निराळेच संकट आले. लग्नात वधूचे नाव बदलण्याची आपली रीत. सेवापुस्तकात सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे. त्या दोघी एकच, हे सिद्ध करण्यात वर्ष गेले. नोकरीत असलेल्यांनी आपले सेवापुस्तक आजच उघडून पाहावे. मी साक्षीस गेलो होतो. कारकुनाने विचारले, “बाई, तुमचे खरे नाव कोणते?” त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “हे ज्या नावाने हाक मारीत, ते.”

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. पुढे प्रतिज्ञापत्र करून त्यांचे काम झाले.