सोन्याच्या भावात पितळ

एका खानदानी मुलीला सरदाराच्या मुलाकडून मागणी येते. ती होकार देते. मग त्याचे नाव सांगत भलताच कोणी येतो, लग्न लागते आणि नवरा निघतो गुलाम. त्यानंतर खरा सरदारपुत्र येऊन उभा राहतो. आता आधीचे लग्न खरे धरायचे की नाही?

वगात शोभेल असा हा पेच बोलोन्याच्या एका पाठ्यपुस्तकातला आहे. कॅथलिक चर्चचा कायदा, म्हणजे कॅनन लॉ, विद्यापीठात शिकवण्याचा विषय झाला तो या पुस्तकामुळे. ते सिद्ध केले ११४०च्या सुमारास ग्रेशियन नावाच्या शिक्षकाने.

तोवर हजार वर्षांचे नियम साचले होते: धर्मपरिषदांचे ठराव, पोपची पत्रे, संतांची वचने. एक परवानगी देई, दुसरे नेमके तेच निषिद्ध ठरवी. ग्रेशियनने हा विरोध झाकला नाही, त्यालाच अभ्यासाचे साधन केले. ग्रंथाचे नावही ‘विसंगत नियमांची संगती’ अशा अर्थाचे. पुढे सगळे त्याला ‘देक्रेतुम’ म्हणू लागले. त्याच्या दुसऱ्या भागात ३६ काल्पनिक खटले आहेत. प्रत्येकातून प्रश्न काढायचे, दोन्ही बाजूंची वचने मांडायची आणि मग निर्णय द्यायचा. आपल्याकडे स्मृतिवचनांचा मेळ घालणारी विज्ञानेश्वरांची ‘मिताक्षरा’ साधारण याच काळातली. दोघांची गाठ पडती तर वाद रंगला असता!

त्या मुलीच्या खटल्यात ग्रेशियन बाजारातला दाखला देतो. सोने देतो म्हणून कोणी पितळ पुढे केले, तर घेणाऱ्याची संमती पितळेला होती असे म्हणता येत नाही. माणूसच बदलला, तर लग्न नाही. पण श्रीमंत समजून केलेला नवरा कफल्लक निघाला, तर सुटका नाही. नवऱ्याच्या गुलामीबद्दल मुलीला अंधारात ठेवले असेल, तर मात्र ती मोकळी. माणसातली चूक वेगळी आणि त्याच्या गुणांतली वेगळी, हा भेद विद्यार्थ्याच्या डोक्यात कायमचा बसावा यासाठी एवढी गोष्ट.

कोणत्याही पोपने हा ग्रंथ कायदा म्हणून जारी केला नव्हता. त्याला अधिकार मिळाला तो वर्गातून. विद्यार्थी पुस्तकाचे सुटे भाग भाड्याने आणून नकलून घेत. मूळ मजकूर पानाच्या मधोमध आणि भोवती टीपांचा वेढा. योहानेस ट्युटोनिकसने १२१५च्या सुमारास रचलेल्या टीपा तर प्रमाण मानल्या गेल्या. दान्तेने ग्रेशियनला स्वर्गात जागा दिली खरी, पण लोक शुभवर्तमान सोडून पोपच्या निर्णयांच्या पोथ्या वाचतात, ते त्यांच्या समासांवरून दिसते, असा टोमणाही मारला.

१२३४ साली उलटी गंमत झाली. पोप नववे ग्रेगरी यांनी पेन्याफोर्तच्या रेमंडकडून निर्णयांचा नवा संग्रह करवून घेतला आणि तो बोलोन्या व पॅरिसच्या विद्यापीठांकडे धाडला. यापुढे न्यायालयात आणि वर्गात हाच वापरा, असा हुकूम. कायदा लागू करायचा तर तो प्राध्यापकांच्या हाती द्यावा लागतो, हे रोमने ओळखले होते.

विरोधकांनाही ते ठाऊक होते. ल्यूथरने १५२० साली विटेनबर्गमध्ये पोपच्या फर्मानासोबत कॅनन लॉची पुस्तकेही जाळली. आठव्या हेन्रीने १५३५ साली ऑक्सफर्ड-केंब्रिजमधले त्याचे अध्यापन बंद पाडले.

कॅथलिक जगात विषय टिकला. १९१७ साली जुन्या संग्रहांच्या जागी एकच संहिता आली, २४१४ कलमांची. १९८३च्या आजच्या संहितेत कलमे १७५२. तिच्या १०९७व्या कलमात माणसातली चूक आणि गुणांतली चूक हा भेद आजही आहे. फक्त एखादा गुण थेट आणि मुख्यतः पाहूनच लग्न केले असेल, तर अपवाद. २००२ साली रोमने या विषयाच्या लायसेन्शिएट पदवीचा अभ्यास दोनऐवजी तीन वर्षांचा केला. लॅटिनही भक्कम हवे. विद्यार्थी केवळ पाद्रीच असतात असे नाही.

बेंगळुरूच्या सेंट पीटर्स पॉन्टिफिकल इन्स्टिट्यूटमध्येही हा विषय शिकवतात. तिथून शिकलेले अनेकजण बिशपच्या न्यायासनावर काम करतात आणि त्यांच्यापुढे येणारी बरीचशी प्रकरणे लग्नाचीच. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची व्यवस्था निराळी. उर्वरित भारतात चर्चने विवाह रद्दबातल ठरवला म्हणून तो दिवाणी कायद्याने मोडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६च्या एका निकालात स्पष्ट केले. त्यामुळे चर्चमध्ये पुन्हा लग्न करू पाहणाऱ्याला दोन्हीकडे खेटे घालावे लागतात: आधी सरकारी न्यायालयात, मग बिशपच्या.