प्रतींची संख्या नसलेले पुस्तक

छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा १८६७ चा पंचविसावा कायदा मराठी ग्रंथांच्या अभ्यासकाला फार उपयोगी पडतो. सरकारने तो नजर ठेवण्यासाठी केला हे खरेच. पण त्यापायी ठेवाव्या लागलेल्या नोंदवहीत पुस्तकाचे नाव, कर्ता, मुद्रक, प्रकाशक, पाने, आवृत्ती, किती प्रती छापल्या, किंमत काय आणि स्वामित्वहक्क कोणाचा, एवढे सगळे लिहावे लागे. या रकान्यांपैकी मला नेहमी दोनच महत्त्वाचे वाटत आले : प्रतींचा आकडा आणि हक्कदाराचे नाव. पैसा कोणी घातला आणि पुस्तक शेवटी कोणाचे राहिले, हे या दोन रकान्यांवरून बऱ्यापैकी ताडता येते.

गेल्या वर्षी कसब्यात राहणारे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे करारपत्र घेऊन आले, तेव्हा हे रकाने आठवले. पुण्याच्या जुन्या पेठांतल्या हौदांवर त्यांनी अकरा वर्षे टिपणे काढली होती. मोठ्या प्रकाशकांनी हस्तलिखित नम्रपणे परत केले. आता एका छोट्या प्रकाशनाने ते स्वीकारले होते : मागणी येईल तशी एकेक प्रत छापायची, गोदाम नाही, गठ्ठे नाहीत. “सर, हे लोक बरे आहेत का?” एवढाच त्यांचा प्रश्न.

लेखकाने स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणे म्हणजे कमीपणा, ही समजूत तशी अलीकडची. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात दुसरा मार्गच अरुंद होता. पेशव्यांच्या दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांकडे वळवावा म्हणून १८४९ मध्ये लोकहितवादी आणि इतरांनी अर्ज केला, त्यातून पुढे दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. तिचे बक्षीस मिळाले तर ग्रंथ तरला. शिक्षणखात्याने काही प्रती घेतल्या तर आणखी बरे. नाहीतर वर्गणीदार जमवायचे. पण कमिटी म्हणजे निवड, आणि निवड म्हणजे निवडणारे कोण हा प्रश्न आलाच. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक कमिटीपुढे ठेवले. ते नाकारले गेले, आणि त्यामागे भट सभासदांचा आग्रह होता असे त्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त स्पष्ट लिहिले. छापील रूपात ते नाटक वाचकांपुढे यायला विसावे शतक सरत आले होते.

‘गुलामगिरी’ १८७३ ची. ती त्यांनी स्वतःच काढली. कंत्राटदारीचे उत्पन्न हाताशी होते म्हणून ते जमले, ही गोष्ट आपण फारशी बोलत नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. त्याची सुरुवातीची प्रकरणे ‘दीनबंधू’त आली आणि मग छापणे थांबले. पत्र आपल्याच चळवळीचे, संपादक सत्यशोधकच, तरी थांबले. फुल्यांचा त्यावरचा संताप हस्तलिखितावर लिहिलेला आहे. प्रकाशक आपल्या विचाराचा असला की पुरे, असे मानणाऱ्या आजच्या लेखकाने ही हकिगत लक्षात ठेवावी.

याउलट ‘गीतारहस्य’. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेला हा ग्रंथ १९१५ मध्ये चित्रशाळा छापखान्यात छापला गेला, आणि प्रकाशक स्वतः टिळकच. म्हणजे रीत फुल्यांचीच : लेखकाने पैसा उभा करायचा, छापखान्याला छपाईचे दाम द्यायचे, हक्क आपल्याकडे ठेवायचे. फरक एवढाच की टिळकांच्या मागे ‘केसरी’चा वाचक गावोगाव होता. छपाई दोघांनाही विकत मिळत होती. वाचकापर्यंतची वाट मात्र नव्हती.

मागणीनुसार छपाईने नेमके काय बदलले, ते यावरून कळते. जुन्या पद्धतीत प्लेटा, मशीनची जुळवणी, कागदाची नासधूस हा खर्च एक प्रत काढा की हजार, ठरलेलाच. म्हणून हजाराची आवृत्ती काढून तो वाटून टाकायचा. डिजिटल यंत्रावर दर प्रतीचा खर्च जवळजवळ तोच राहतो, त्यामुळे एकच प्रतही परवडते. अमेरिकेत थोरोच्या पहिल्या पुस्तकाच्या हजारांपैकी ७०६ न खपलेल्या प्रती प्रकाशकाने १८५३ मध्ये त्याच्या घरी पाठवून दिल्या होत्या. नव्या पद्धतीत तसे गठ्ठे दारात येणार नाहीत. पण हजार प्रती छापणारा प्रकाशक त्या पुस्तकावर स्वतःचे पैसे लावत असे, आणि म्हणून ते खपवण्याची त्याला घाई असे. शून्य प्रतींचे पुस्तक यादीत ठेवायला काहीच पडत नसेल, तर ‘आम्ही आपले पुस्तक स्वीकारले आहे’ या वाक्याचे वजन किती? अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांवर प्रकाशक स्वतःचे किती घालतो, हे विचारावे. सगळे लेखकाच्याच खिशातून जात असेल तर तो मुद्रक आहे. मुद्रक असण्यात गैर काही नाही, फक्त त्याला मुद्रकाचाच दर द्यावा.

हक्काचा रकाना त्याहून नाजूक. जुन्या करारांत हक्क बहुधा आवृत्तीपुरता असे. आवृत्ती संपली, प्रकाशकाने पुन्हा काढली नाही, की लेखक मोकळा. शिक्षकांच्या करारात लिहिले होते : पुस्तक विक्रीसाठी उपलब्ध आहे तोवर हक्क प्रकाशकाकडे. पण मागणीनुसार छापले जाणारे पुस्तक कधी संपतच नाही! फाइल संगणकात आहे तोवर ते ‘उपलब्ध’च. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे १९ वे कलम लेखकाच्या बाजूचे आहे. हस्तांतर लेखी आणि सहीचे हवे, मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांचे, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. मात्र करारात वेगळी मुदत लिहून दिली की हे संरक्षण आपणच सोडले. आयएसबीएनसाठी पैसे मागितले होते, तेही खटकले. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो क्रमांक विनामूल्य देते.

मग हे प्रकाशन वाईट का? मला तसे वाटले नाही. त्यांच्या यादीतले एक पुस्तक मागवून पाहिले. बांधणी चांगली होती. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये मजकूर आणताना ‘ऱ्या’ आणि रफार यांचे जे हाल होतात, ते तीन ठिकाणी दिसले, तेवढेच. शिवाय हौदांच्या पुस्तकाचे वाचक असतील दोनशे-तीनशे, काही पुण्यात, काही परगावी गेलेले पेठकरी. एवढ्यांसाठी हजार प्रती छापून त्या माळ्यावर ठेवण्यात शहाणपण नव्हते. कादंबरी असती, आप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत ती मांडलेली दिसावी अशी इच्छा असती, तर मी नको म्हणालो असतो. दुकानदाराला लागते ते कमिशन आणि न खपलेला माल परत घेण्याची हमी, आणि एकेक प्रत छापणाऱ्याला या दोन्ही गोष्टी क्वचितच झेपतात.

१८६७ चा तो कायदा २०२४ पासून उरलेला नाही. त्याच्या जागी आलेला कायदा नियतकालिकांपुरता आहे, पुस्तके त्यातून वगळली आहेत. प्रतींचा रकाना भरणारे आता कोणी नाही. म्हणून शिक्षकांच्या करारात आम्ही एक कलम वाढवले : दर तीन महिन्यांनी किती प्रती छापल्या आणि कोणाकडून मागणी आली, ते लेखकाला लेखी कळवावे. ‘उपलब्ध आहे तोवर’ खोडून ‘पाच वर्षे’ लिहिले. प्रकाशकाने चार दिवस घेतले, पहिल्या कलमावर थोडी कुरकुर केली आणि सही केली. पहिल्या तिमाहीचा हिशेब आला आहे : एकतीस प्रती, त्यांतल्या नऊ नाशिकला.