पीसीओएस आणि साखर : शंभर वर्षांची जुनी ओळख

मुलीची पाळी चुकते, चेहऱ्यावर लव वाढते, म्हणून तुम्ही सोनोग्राफी करून घेता. रक्तातली साखर तपासायची मात्र राहून जाते. इतिहासात साखरच आधी लक्षात आली होती.

१९२१ मध्ये फ्रान्सच्या आशार आणि थिएर या डॉक्टरांनी दाढी येणाऱ्या स्त्रियांमधील मधुमेहाचे वर्णन केले. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात रुग्णांच्या अंडाशयातील बदल मांडले आणि सगळ्यांचे लक्ष अंडाशयाकडे गेले. १९८० मध्ये या स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिन जास्त आढळले. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होते. तेच अंडाशयाला पुरुषी हार्मोन वाढवायला लावते.

"आमची मुलगी तर बारीक आहे," म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा खेड्यांत अभ्यास केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे हाडामांसाने कमी, पण चरबी त्यामानाने टिकलेली!

मुरगूड असो वा मुंबई, निदान होताच उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी साखर तपासा. नॉर्मल आली तरी दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा, आणि बाळाचा विचार करण्याआधी नक्की. स्थळ मोडेल या भीतीने फाइल लपवता येते, साखर लपत नाही. वेळीच कळली तर रोजचे चालणे, आहार आणि गरजेप्रमाणे औषध यांनी मधुमेह लांबवता येतो.