दातेरी चाकाची कुळकथा

मोटरीच्या शाफ्टवर खाचा पाडलेली एक चकती बसवतात. तिच्या एका अंगाला इन्फ्रारेड एलईडी, दुसऱ्या अंगाला फोटोट्रान्झिस्टर. खाच समोर आली की प्रकाश पार जातो, दाता आला की अडतो. दर खाचेला विजेचा एक ठोका मिळतो आणि ठोके मोजले की फेरे कळतात. या साधनाचे मूळ शोधत मागे गेले की आपण 1849 च्या पॅरिसला पोचतो. तिथे हिशेब उलटा होता. चाकाच्या मदतीने प्रकाशाचाच वेग मोजायचा होता.

इपोलित फिझोने सुरेन येथे 720 दात्यांचे चाक उभे केले. दोन दात्यांमधल्या फटीतून निघालेला प्रकाश 8,633 मीटर दूर मोंमार्त्रला ठेवलेल्या आरशावरून परते. चाकाला सेकंदाला सुमारे 12.6 फेऱ्यांची गती आली, तेव्हा परतणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत नेमका पुढचा दाता आला आणि प्रकाश दिसेनासा झाला. फिझोचे उत्तर सुमारे पाच टक्क्यांनी जास्त आले, पण खाच, दाता, उजेड आणि अंधार ही जुळणी तिथे सिद्ध झाली.

या घराण्याचा मूळपुरुष मात्र मी लेऑं फूकोला मानतो. प्रकाशाचा वेग मोजण्याच्या त्याच्या प्रयोगात दातेरी चाकाच्या जागी लहानसा आरसा सेकंदाला शेकडो फेरे घेई. त्या आरशाचा वेग नेमका कळायला हवा होता, पण त्या काळची वेगमापके शाफ्टला जोडावी लागत. ब्रायन डॉन्किनच्या 1810 च्या टॅकोमीटरमध्ये फिरत्या भांड्यातला पारा कडेला चढे आणि त्यावरून वेग वाचत. गिरणीच्या जाड शाफ्टला असले ओझे जाणवत नाही, पण त्या नाजूक आरशाची गतीच त्याने बिघडली असती. 1850 मध्ये फूकोने फिरत्या आरशाच्या आवाजाच्या सुरावरून वेग ताडला होता. 1862 मध्ये त्याने त्याहून नेमकी युक्ती केली. ऑर्गन बनवणाऱ्या कावाये-कोलच्या भात्यातून एकसारख्या दाबाची हवा घेऊन त्याने आरसा फिरवला. शेजारी घड्याळाच्या यंत्रणेवर 400 दात्यांचे चाक सेकंदाला एक फेरा घेत होते. आरशाच्या दर फेऱ्याला प्रकाशाची एक चमक त्या चाकाच्या कडेवर पडे. सूक्ष्मदर्शकातून दाते स्थिर दिसले, की आरशाचा वेग सेकंदाला 400 फेरे. आरशाला कशाचाही स्पर्श नाही, आणि उत्तर अचूक!

या युक्तीत एक फसगतही दडलेली आहे. आरशाचा वेग निम्मा असला तरी दोन चमकांमध्ये दाते बरोबर दोन घरे पुढे सरकतात आणि स्थिरच दिसतात. पुढे हॅरॉल्ड एजर्टनने 1931 च्या सुमारास एमआयटीत मोटरींच्या अभ्यासासाठी विजेच्या चमका टाकणारा स्ट्रोबोस्कोप घडवला, तेव्हा हीच अडचण त्याच्याही वाट्याला आली. त्यावर उपाय असा: शाफ्टवर एकच खूण करावी, चमकांचा वेग वाढवत न्यावा आणि ज्या सर्वांत जास्त वेगाला ती खूण एकटी व स्थिर दिसेल तोच खरा मानावा. चमका दुप्पट झाल्या की समोरासमोर दोन खुणा दिसतात.

ही फसगत मिटली ती डोळ्याची जागा सेन्सरने घेतल्यावर. बेल लॅबमध्ये जॉन शाइव्हने 1948 मध्ये फोटोट्रान्झिस्टर शोधला, 1960 च्या दशकात इन्फ्रारेड एलईडी आला, आणि सेन्सर प्रत्येक खाच मोजू लागला. चकतीला 60 खाचा ठेवल्या की सेकंदाला पडणारे ठोके म्हणजेच थेट आरपीएम (मिनिटाला फेरे), भागाकाराची गरजच नाही. मला हे फूकोच्या 400 दात्यांचेच गणित वाटते.

शाफ्ट अगदी सावकाश फिरत असेल तर सेकंदात दोन-तीनच ठोके पडतात, म्हणून तिथे दोन ठोक्यांमधला वेळ मोजावा. तेल आणि धूळ उडत असेल तिथे चुंबकीय सेन्सर बरा. पण शाफ्ट हलका असेल किंवा त्याच्या जवळ जाणे धोक्याचे असेल, तर यंत्र बंद असतानाच त्यावर चकाकत्या पट्टीचा तुकडा चिकटवावा आणि मग दुरून प्रकाश टाकून फेरे मोजावेत.