कुटीतला फोटो आणि स्टेशनबाहेरचा
(रेडिओवरील भाषण, संपादित)

सेवाग्राम आश्रमात एक परचुरे कुटी आहे. बापूकुटी पाहून झाली, की लोक तिच्याकडे नजर टाकून पुढे जातात. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित आणि कुष्ठरोगी. १९३२ साली ते गांधीजींबरोबर येरवडा तुरुंगात होते. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केलं. तो फोटो जगभर गेला. शास्त्रीबुवांचा आजार साऱ्या आश्रमाला ठाऊक होता. फोटोने काही फोडलं नाही.

आश्रमात फोटो काढत असत ते कनू गांधी, गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा. विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांनी त्यांना या कामाकडे वळवलं. कॅमेऱ्यासाठी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले. गांधीजींनी मात्र तीन अटी घातल्या : फ्लॅश वापरायचा नाही, पोज मागायची नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटच्या घटका मोजत होत्या, त्यांचं डोकं गांधीजींच्या मांडीवर होतं. कनूंनी परवानगी मागितली. ती मिळाली नाही. इतिहासाचं नुकसान झालं असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही.

पण या अटी कुणाला घालता येतात? ज्याला ‘नाही’ म्हणता येतं त्याला. हे मला कळायला हवं होतं १९८३ साली.

तेव्हा माझ्याकडे अ‍ॅग्फा क्लिक-थ्री होता आणि मी कुष्ठनिवारणाच्या एका स्मरणिकेचं काम पाहत होतो. वर्धा स्टेशनबाहेर एक म्हातारा बसत असे. बोटं झडलेली, समोर जर्मनची वाटी. वाटीत चार आणे टाकले आणि फोटो काढला. त्याने हात धोतरात ओढून घेतले, तोवर बटण दाबून झालं होतं. विचारावं असं मनातही आलं नाही. हेतू चांगला होता ना! फोटो पानभर छापला, खाली लिहिलं : ‘समाजाची जबाबदारी’. नाव लिहिलं नाही, कारण विचारलंच नव्हतं.

दोन-तीन महिन्यांनी त्यानेच मला हाक मारली.

“भाऊ, माह्या पोरीच्या सासरी मी मेलो म्हनून सांगतलं होतं. आता त्याइले समजलं.”

आवाजात राग नव्हता. मी काहीतरी पुटपुटलो, पाकिटात हात घातला. त्याने मान हलवली आणि वाटी मागे सरकवली. नाव मी त्या दिवशीही विचारलं नाही.

स्मरणिकेच्या उरलेल्या प्रती घरी आणून ठेवल्या. साठेक असतील. बाकीच्या वाटल्या गेल्या होत्या.